आरडीपी म्हणतोय ‘लायसन्स सर्व्हर नाही’? सर्व्हर फॉरमॅट करायच्या आधी हे करून बघा

आरडीपी म्हणजे रिमोट डेस्कटॉप, दुसरीकडे बसून सर्व्हरवर लॉगिन करून काम करायची विंडोजची सोय. मस्जिद बंदरच्या एका होलसेलवाल्यांच्या ऑफिसातून मला दहा तारखेला सकाळी फोन आला. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख, आणि भिवंडीच्या गोडाऊनमधल्या एकालाही टॅलीत शिरता येत नव्हतं. सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच मेसेज, की रिमोट सेशन तोडलंय कारण लायसन्स द्यायला कुठलाही रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही. आधी बघणाऱ्या माणसाने सांगून टाकलं होतं की सर्व्हर करप्ट झालाय, फॉरमॅट करावा लागेल, दोन दिवस लागतील. सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं. तो बसवून १२० दिवस झाले होते आणि त्या १२० दिवसांत कोणीच लायसन्स टाकलं नव्हतं, बस एवढंच.

अशी ऑफिसं मुंबईत गल्लोगल्ली आहेत, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारा जो एकटा माणूस असतो ना, ज्याच्याकडे प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं येतं, त्याच्यासाठी हे आहे. शांतपणे एकेक स्टेप करा, घाईत दोन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते कळतच नाही.

आधी मेसेज बघा, मग हात लावा

‘आरडीपी चालत नाही’ या एका वाक्यात दहा वेगवेगळे प्रॉब्लेम असतात. युजरला फोनवर विचारत बसू नका, स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर मागवा. मेसेजमध्ये लायसन्स हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर बहुतेक वेळा हा लायसन्सचा मामला नाही, तुम्ही खाली कनेक्शनच्या भागाकडे जा.

लायसन्स शब्द असेल तर दुसरी टेस्ट करा, फार साधी आहे. तुमच्या मशीनवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून रन उघडा, त्यात एमएसटीएससी लिहा, एक स्पेस द्या आणि पुढे स्लॅश लावून अ‍ॅडमिन लिहा. मग सर्व्हरचं नाव टाकून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ग्रुपमधल्या अकाउंटने लॉगिन करा. असं आत शिरता येतंय आणि नेहमीच्या पद्धतीने येत नाही, तर समजा की सर्व्हर ठणठणीत आहे, नेटवर्क ठणठणीत आहे आणि अडलंय फक्त लायसन्सवर. कारण सर्व्हर सांभाळण्यासाठी म्हणून दोन अ‍ॅडमिन कनेक्शन विंडोज सर्व्हरसोबत मिळतात, त्यांना वेगळं आरडीएस म्हणजे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचं लायसन्स लागत नाही. पण ही दोन कनेक्शन सर्व्हर सांभाळण्यासाठीच आहेत हं, अकाउंटवाल्या दोघांना अ‍ॅडमिन करून त्यावर रोज व्हाउचर टाकायला बसवणं हे त्यात बसत नाही, आणि क्लार्कच्या हातात अ‍ॅडमिनचे हक्क देणं ही तर त्याहून मोठी चूक.

आत शिरलात की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा आणि टर्मिनल सर्व्हिसेस रिमोट कनेक्शन मॅनेजरच्या नोंदी शोधा. ११२८ नंबरची नोंद असेल तर ग्रेस पिरियड, म्हणजे लायसन्सशिवाय चालायची १२० दिवसांची मुदत, संपलाय आणि लायसन्स असलेला सर्व्हर सापडलेला नाही. ११३० असेल तर या मशीनला लायसन्स सर्व्हर कुठला ते कोणी सांगितलेलंच नाही. मस्जिद बंदरला दोन्ही होत्या, आणि ११३० तर कित्येक आठवडे येत होती, बघायला कोणी नव्हतं.

नक्की काय काय लागतं

जुनी मंडळी अजून याला टर्मिनल सर्व्हर म्हणतात, २००८ आर-२ पासून मायक्रोसॉफ्टने त्याचं नाव रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस केलं. यात दोन वेगळी कामं आहेत आणि इथेच बहुतेक जण गोंधळतात. एक म्हणजे सेशन होस्ट, म्हणजे ज्या सर्व्हरवर लोक लॉगिन करून काम करतात तो. दुसरा लायसन्स सर्व्हर, जो फक्त लायसन्स वाटतो. दोन्ही एकाच मशीनवर बसू शकतात, छोट्या ऑफिसात तसंच असतं, पण तरीही सेशन होस्टला वेगळं सांगावं लागतं की बाबा लायसन्स इथून घे. शेजारीच बसलाय म्हणून त्याला आपोआप कळेल या भरवशावर राहू नका.

सेशन होस्टचा रोल टाकला की १२० दिवसांची मुदत मिळते. त्या काळात कितीही लोक आले तरी सर्व्हर अडवत नाही, म्हणूनच सगळ्यांना वाटतं की झालं काम, चालतंय की! मुदत दरवेळी रिटर्नच्या शेवटच्या तारखेलाच संपते असं नाही, पण संपते तेव्हा सगळे एकदम बाहेर पडतात. माझं मत सरळ आहे, १२० दिवस हे वापरायला नाहीत, सेटअप करायला आहेत, लायसन्स पहिल्याच आठवड्यात टाका.

आता खरेदी. आरडीएस कॅल म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स, हे माणसामागे किंवा मशीनमागे एक लागतं. आणि याच्या शिवाय साधं विंडोज सर्व्हर कॅल वेगळं लागतं, ते यात धरलेलं नसतं. कोटेशनमध्ये या दोन वेगळ्या ओळी आहेत का बघा, एकच ओळ असेल तर व्हेंडरला विचारा. सर्व्हरच्या लायसन्सची किंमत बघून मालक हो म्हणतात आणि कॅलचा आकडा नंतर आला की वातावरण बिघडतं, तेव्हा पहिल्या दिवशीच पूर्ण आकडा समोर ठेवलेला बरा.

व्हर्जनचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. कॅल हे सेशन होस्टच्या व्हर्जनइतकं किंवा त्याहून नवीन हवं. २०२२ चं कॅल २०१९ च्या सेशन होस्टला चालतं, पण २०१९ चं कॅल २०२२ ला चालत नाही. आणि लायसन्स सर्व्हर त्या सगळ्यांत नवीन ठेवा, म्हणजे तो खालच्या सगळ्यांना पुरतो. सर्व्हर अपग्रेड केला आणि कॅल जुनीच राहिली, मग बरोबर चार महिन्यांनी सगळे बाहेर, हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की आता अपग्रेडचा विषय निघाला की पहिला प्रश्न कॅलचाच विचारतो.

युजर की डिव्हाइस, आणि वर्कग्रुपचा सापळा

इथे थोडं थांबून वाचा, पैसे वाया जातात ते इथेच.

पर युजर म्हणजे एका माणसाला एक, मग तो ऑफिसच्या पीसीवरून येवो, घरच्या लॅपटॉपवरून येवो नाहीतर लोकलमध्ये मोबाईलवरून येवो. पर डिव्हाइस म्हणजे एका मशीनला एक, मग त्यावर कितीही जण बसोत. सीए फर्ममध्ये एकेक जण तीन तीन डिव्हाइस वापरतो, क्लायंटकडे बसून पण लॉगिन करतो, तिथे युजरच घ्या. पण नवी मुंबईत एखाद्या ठिकाणी तीन शिफ्टमध्ये ६० जण त्याच २० पीसीवर काम करत असतील तर २० डिव्हाइस कॅलमध्ये भागतं, तिथे ६० युजर कॅल घेणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात. मोबाईल किंवा टॅबवरून आरडीपी केलं तर तोही एक डिव्हाइस म्हणून मोजला जातो, मोजदाद करताना मालकांचा आयपॅड विसरू नका.

आता सापळा. पर युजर कॅलचा हिशोब अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या अकाउंटच्या यादीत, युजरच्या अकाउंटवर ठेवला जातो. म्हणजे डोमेन हवं, जिथे सगळ्यांची अकाउंट एका सर्व्हरवरून सांभाळली जातात. आपल्याकडे दहा पंधरा माणसांच्या ऑफिसात डोमेन कुठे असतं, सगळं वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक मशीनची अकाउंट वेगवेगळी, असं चालू असतं, आणि व्हेंडर विचारत नाही, सरळ युजर कॅल देऊन मोकळा होतो. जुन्या व्हर्जनवर हे कसंतरी निभावून जायचं. सर्व्हर २०१९ पासून मात्र वर्कग्रुपमध्ये पर युजर मोड लावलात की लॉगिन झाल्यावर मेसेज येतो की लायसन्समध्ये प्रॉब्लेम आहे, सेशन ६० मिनिटांत बंद होईल. आणि होतं बंद. परत लॉगिन करा, परत एक तास.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये हे दीड महिना चाललं होतं. तो मेसेज मुलं न वाचता ओके करायची, तासाने सेशन तुटायचं, सगळ्यांनी ठरवलं की नेट खराब आहे. ब्रॉडबँड बदललं, राउटर बदलला, केबल नवीन ओढली. मी गेलो तेव्हा शेजारी बसून घड्याळ लावलं, बरोबर एका तासाला तुटलं, दुसऱ्याचंही त्याच्या लॉगिनपासून बरोबर एका तासाला. नेट खराब असतं तर दोघांचं एकदम तुटलं असतं ना. तेव्हा लक्षात ठेवा, तुटण्याची वेळ ठरलेली असेल तर केबलला हात लावायच्या आधी लायसन्स बघा.

वर्कग्रुपमध्ये राहायचं असेल तर पर डिव्हाइस घ्या, तेच तिथे चालतं. युजर कॅल आधीच विकत घेतली असतील तर ज्याच्याकडून घेतली त्या पार्टनरला आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरिंगहाऊसला (लायसन्सचं काम बघणाऱ्या विभागाला) विचारा की बदलून मिळतील का, गप्प बसून नुकसान सोसू नका. आणि माणसं पंधराच्या वर चालली असतील तर माझा सल्ला, डोमेन कराच. त्यासाठी दुसरं मशीन घ्यायची गरज नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घेतला असेल आणि मशीनचे सगळे कोअर त्यात धरलेले असतील तर त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन चालवायचा हक्क मिळतो, फक्त खालच्या मूळ विंडोजवर हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग, याशिवाय दुसरं काही चालवायचं नाही. एका व्हर्च्युअल मशीनवर डोमेन कंट्रोलर (डोमेनची अकाउंट सांभाळणारा सर्व्हर) आणि लायसन्स सर्व्हर, दुसऱ्यावर सेशन होस्ट. डोमेन कंट्रोलरवरच लोकांना लॉगिन देऊन टॅली चालवायला बसवू नका, तिथे एक जरी व्हायरस शिरला तरी तिजोरीच्या चाव्या त्याच्या हातात पडतात.

लायसन्स सर्व्हर बसवणं

सर्व्हर मॅनेजरमध्ये अ‍ॅड रोल्स उघडा. तिथे दोन रस्ते दिसतात. डोमेन असेल तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस इन्स्टॉलेशन हा रस्ता घेता येतो, वर्कग्रुप असेल तर तो चालत नाही, तो डोमेन युजरने लॉगिन करायला सांगतो आणि लोक तिथेच अडकून बसतात. वर्कग्रुपवाल्यांनी रोल-बेस्ड हा दुसरा रस्ता धरायचा, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसच्या खाली सेशन होस्ट आणि लायसन्सिंग या दोनच टिक करायच्या. कनेक्शन ब्रोकर, गेटवे, वेब अ‍ॅक्सेस हे सगळं दिसतं म्हणून टिक करू नका.

मशीन रिस्टार्ट झालं की टूल्समध्ये रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग मॅनेजर उघडा. सर्व्हरच्या नावावर लाल खूण असेल, राइट क्लिक करून अ‍ॅक्टिव्हेट करा. कंपनीचं नाव, नाव, देश भरा, नेट असेल तर आपोआप होतं. सर्व्हरला बाहेरचं नेट दिलेलं नसेल, आणि बऱ्याच ठिकाणी ते बरोबरच असतं, तर वेब ब्राउझरचा पर्याय निवडा, तो एक प्रॉडक्ट आयडी देतो, दुसऱ्या मशीनवरून मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सिंग साइटवर तो टाकला की लांबलचक लायसन्स सर्व्हर आयडी मिळतो, तो परत इथे टाकायचा. फोनचा पर्याय पण आहे.

अ‍ॅक्टिव्हेट झाल्यावर कॅल टाकायची. राइट क्लिक, इन्स्टॉल लायसन्सेस. कॅल कुठल्या प्रोग्रामखाली घेतली ते विचारतो, रिटेल पॅक असेल तर २५ अक्षरी की लागते, व्हॉल्यूम अ‍ॅग्रीमेंट असेल तर त्याचे नंबर लागतात. पुढे प्रॉडक्ट व्हर्जन, युजर की डिव्हाइस, आणि संख्या. संख्या विकत घेतली तेवढीच टाका, आणि प्रकार बिलावर लिहिलाय तोच निवडा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कॅल न टाकताच लायसन्सिंग मॅनेजर उघडलात तर यादीत विंडोज २००० सर्व्हरची बिल्ट-इन पर डिव्हाइस कॅल म्हणून एक ओळ आधीपासून असते आणि समोर अनलिमिटेड लिहिलेलं असतं. ते बघून कितीतरी जणांनी मला ‘आहेत की लायसन्स, अनलिमिटेड आहेत’ असं सांगितलंय. ती ओळ जुन्या जमान्यातल्या विंडोज २००० सर्व्हरसाठी आहे, तुमच्या २०१९ किंवा २०२२ ला तिचा काहीही उपयोग नाही.

डोमेन असेल तर सर्व्हरच्या नावावर पिवळी खूण येऊ शकते. रिव्ह्यू कॉन्फिगरेशन उघडा, तो सांगेल की हा सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स या ग्रुपमध्ये नाही. तिथलंच बटण दाबून अ‍ॅड करा, त्यासाठी डोमेन अ‍ॅडमिनचे हक्क लागतात, आणि मग लायसन्सिंगची सर्व्हिस रिस्टार्ट करा. हे राहिलं तर युजर कॅलची नोंद अकाउंटवर होत नाही आणि रिपोर्टमध्ये शून्य दिसत राहतं.

सेशन होस्टला पत्ता देणं

ही स्टेप नव्वद टक्के ठिकाणी राहिलेली असते असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. कॅल टाकली, हिरवी टिक आली, सगळे खूश, आणि तरी ग्रेस पिरियड मोजणं चालूच.

वर्कग्रुपमध्ये रन उघडून जीपीएडिट डॉट एमएससी लिहा, डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंटमधून करा. रस्ता असा: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, लायसन्सिंग. आत दोन सेटिंग आहेत ती दोन्ही लावायची. ‘यूज द स्पेसिफाइड रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर्स’ इनेबल करून त्यात सर्व्हरचं नाव किंवा आयपी द्या. ‘सेट द रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग मोड’ इनेबल करून कॅल ज्या प्रकारची आहेत तोच मोड निवडा. एकच लावलं तर काम अर्धवट, आणि कॅल डिव्हाइसची आणि मोड युजरचा असं उलटसुलट झालं तर कॅल पडून राहतात, मिळत कोणालाच नाहीत.

नावाच्या जागी लोक लोकलहोस्ट लिहितात, मी नेहमी सर्व्हरचं खरं नाव देतो आणि ते नाव पिंग होतंय का ते आधी बघतो. मग कमांड प्रॉम्प्टवर जीपीअपडेट लिहून पुढे स्लॅश फोर्स लावून चालवा, आणि जमलं तर दुपारच्या जेवणाच्या वेळेत सर्व्हर एकदा रिस्टार्ट करा.

यानंतर टूल्समधला लायसन्सिंग डायग्नोझर उघडा, रनमध्ये एलएसडायग डॉट एमएससी लिहिलं तरी उघडतो. याच्याइतकं स्पष्ट बोलणारं टूल विंडोजमध्ये क्वचितच सापडतं. मोड ठरवलेला नाही, लायसन्स सर्व्हर सापडत नाही, कॅल शून्य आहेत, मोड आणि कॅल जुळत नाहीत, यातलं जे असेल ते सरळ लिहून देतो. लायसन्स सर्व्हर दुसऱ्या मशीनवर असेल तर उजवीकडे क्रेडेन्शियल्स द्यायचा पर्याय आहे, ते दिल्याशिवाय कॅलची संख्या दिसत नाही आणि आपण उगाच घाबरतो.

दुसऱ्या मशीनवर असताना सापडत नसेल तर मधला फायरवॉल तपासा. सेशन होस्टपासून लायसन्स सर्व्हरपर्यंत टीसीपी १३५ आणि ४४५ उघडे हवेत, आणि आरपीसीचे डायनॅमिक पोर्ट म्हणजे ४९१५२ ते ६५५३५. फक्त ३३८९ उघडून हे काम होत नाही, तो पोर्ट लोकांच्या लॉगिनचा आहे.

मस्जिद बंदरला आम्ही अ‍ॅडमिन कनेक्शनने आत शिरून हेच सगळं केलं. कॅलची खरेदी पार्टनरकडून त्याच दिवशी झाली, संध्याकाळपर्यंत भिवंडीवाले कामाला लागले आणि रिटर्न वेळेत गेला.

रजिस्ट्रीवाला जुगाड नको

कोणीतरी तुम्हाला सांगेल की रजिस्ट्रीत ग्रेस पिरियडची एक की आहे, तिची ओनरशिप घेऊन ती उडवा, परत १२० दिवस मिळतात, दर चार महिन्यांनी करत राहा. मी हे करत नाही आणि माझ्या कुठल्याही क्लायंटकडे करू देत नाही. हे लायसन्सच्या कराराच्या बाहेर आहे, ऑडिट आलं तर उत्तर मालकाला द्यावं लागतं, जुगाड करणारा तेव्हा फोन उचलत नाही. तसंच विंडोज १० किंवा ११ प्रोवर फाइल पॅच करून पाच जणांना एकदम आरडीपी देणारे प्रकार. विंडोजचा एक अपडेट आला की ते बंद पडतं, आणि तो पॅच कुठून आला आणि त्यात काय आहे हे कोणी तपासलेलं नसतं, त्याच मशीनवर ऑफिसचा सगळा हिशोब असतो.

एकालाच लायसन्सचा मेसेज येतो तेव्हा

सगळे आत आहेत आणि एकाच पीसीला एरर येतोय, तर सर्व्हरला हात लावू नका, त्या पीसीकडे जा. पर डिव्हाइसमध्ये मशीन पहिल्यांदा आलं की त्याला ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळतं, नंतरच्या लॉगिनला कायमचं मिळतं. कायमचं म्हटलं तरी त्यालाही ५२ ते ८९ दिवसांमधली कुठलीतरी मुदत असते आणि संपायच्या आधी ते आपोआप रिन्यू होतं. ही नोंद त्या पीसीच्या रजिस्ट्रीत असते आणि कधीकधी ती बिघडते. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, त्याखाली एमएसलायसन्सिंग नावाची की असते. तिची एक कॉपी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग डिलीट करा, आणि रिमोट डेस्कटॉप एकदा रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून उघडा. हे अ‍ॅडमिनवालं विसरलात तर की परत तयार होत नाही आणि एरर तसाच राहतो. एकदा लॉगिन झालं की पुढे साध्या युजरने चालतं.

पीसी फॉरमॅट केला तर तो लायसन्स सर्व्हरच्या दृष्टीने नवीन मशीन होतो, जुन्याच्या नावाचं कॅल मुदत संपेपर्यंत अडकून राहतं. एकदम दहा पीसी फॉरमॅट केले की कॅल कमी पडतात. लायसन्सिंग मॅनेजरमधून डिव्हाइसचं कॅल रिव्होक करता येतं, पण त्या व्हर्जनच्या एकूण कॅलच्या २० टक्क्यांपर्यंतच. म्हणून फॉरमॅट करायचेच असतील तर थोडे थोडे करा.

पर युजरमध्ये उलटं आहे, कॅल १० आणि माणसं १४ असली तरी सर्व्हर अडवत नाही. अडवत नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही, लायसन्सिंग मॅनेजरमध्ये युजर कॅलचा रिपोर्ट काढता येतो, तो तीन महिन्यांनी एकदा काढून माणसं मोजा.

लायसन्स नाही, कनेक्शनच अडलंय

पहिली तपासणी पोर्टची. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन कमांडला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ३३८९ द्या. फॉल्स आलं तर सर्व्हरवर जाऊन बघा की रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस चालू आहे का, फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचे रूल चालू आहेत का, आणि नेटवर्क प्रोफाइल पब्लिक तर झालं नाही ना. लाइट गेली, स्विच बदलला किंवा राउटर बदलला की विंडोज ते नेटवर्क नवीन समजून पब्लिक करतं आणि प्रायव्हेटवर लावलेले रूल लागू होत नाहीत. काल चालत होतं आज नाही, आणि मधे लाइट गेली होती, तर आधी हेच बघा.

ऑथेंटिकेशन एरर येऊन खाली क्रेडएसएसपीचं (लॉगिनची माहिती सर्व्हरपर्यंत पोचवणाऱ्या विंडोजच्या भागाचं) नाव असेल तर एका बाजूला अपडेट आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत. २०१८ मध्ये यातली एक भेग बुजवली गेली आणि त्या मे महिन्यापासून अपडेट केलेला क्लायंट अपडेट न केलेल्या सर्व्हरशी बोलायला नकार देतो. उपाय म्हणजे राहिलेलं मशीन अपडेट करा. पॉलिसी सैल करून चालवता येतं, पण ते फक्त अपडेट टाकेपर्यंत.

सर्टिफिकेटचा प्रॉब्लेम असेल तर लॉगमध्ये १०५७ ची नोंद दिसते, म्हणजे सर्व्हरला स्वतःचं सर्टिफिकेट बनवता आलं नाही. कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या खाली मुदत संपलेलं असेल ते काढा आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा, नवीन तयार होतं.

लॉगिन होतं पण काळी स्क्रीन? कंट्रोल ऑल्ट एंड दाबा, टास्क मॅनेजर उघडा, न्यू टास्कमध्ये एक्सप्लोरर चालवा. वारंवार होत असेल तर क्लायंटवर यूडीपी बंद करून बघा, ग्रुप पॉलिसीत टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट असं सेटिंग आहे, काही ब्रॉडबँड लाइनवर एवढ्याने फरक पडतो.

सर्व्हर स्लो होण्याचं कारण मला बहुतेक वेळा एकच सापडतं, लोक लॉगऑफ करत नाहीत, वरच्या फुलीवर क्लिक करून घरी जातात. सेशन डिस्कनेक्ट होतं पण आत टॅली, एक्सेल, क्रोमचे तीस टॅब सगळं चालू राहतं. कमांड प्रॉम्प्टवर क्वेरी युजर लिहा, कोण किती वेळ डिस्कनेक्ट आहे ते दिसतं. सेशन टाइम लिमिट्सच्या पॉलिसीत डिस्कनेक्ट झालेल्या सेशनला मुदत लावा, मी दोन तास ठेवतो, आणि लावण्याआधी सगळ्यांना सांगतो, नाहीतर कोणाची तरी सेव्ह न केलेली शीट जाते.

प्रिंटरसाठी रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट बऱ्याच ठिकाणी पुरतं. डॉट मॅट्रिक्सवर चलन आणि बिल्टी छापणाऱ्यांना मात्र त्यात अक्षरं सरकलेली किंवा प्रिंट रांगत निघालेली दिसते. तिथे ईझी प्रिंट आधी वापरायची पॉलिसी डिसेबल करून त्या प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर सर्व्हरवर टाका, क्लायंटवर आहे त्याच नावाचा.

३३८९ रस्त्यावर उघडा टाकू नका

जुलैमध्ये पाणी भरलं, गाड्या बंद झाल्या की फोन येतात, घरून काम करायचंय, राउटरवर पोर्ट उघडून द्या. घाईत ३३८९ फॉरवर्ड होतो आणि पाऊस थांबला तरी तो तसाच उघडा राहतो. उघड्या पोर्टवर दिवसरात्र पासवर्ड मारून बघणारे असतात, सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ नंबरच्या नोंदी बघा, हजारोंनी दिसतील. पोर्टचा नंबर बदलून हे थांबत नाही, फक्त सापडायला थोडा वेळ लागतो. व्हीपीएन लावा किंवा ४४३ वर आरडी गेटवे (बाहेरून येणाऱ्यांसाठीचा सुरक्षित दरवाजा) बसवा, अकाउंट लॉकआउट चालू करा, नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (सेशन उघडायच्या आधीच पासवर्ड तपासणं) बंद करू नका, आणि बॅकअपची एक कॉपी अशा ठिकाणी ठेवा जिथे सर्व्हरच्या लॉगिनने पोचता येत नाही. रॅन्समवेअरने सगळा डेटा लॉक झालेलं ऑफिस मी बघितलंय, मालकांसमोर उभं राहून काय बोलावं ते सुचत नाही.

जाता जाता एक काम लगेच करून टाका. एका कागदावर लायसन्स सर्व्हरचं नाव, त्याचा आयडी, अ‍ॅग्रीमेंटचे नंबर किंवा की, कॅलची संख्या, प्रकार, व्हर्जन आणि खरेदीची तारीख लिहा. विंडोजच्या सिस्टिम ३२ मधला एल-सर्व्हर नावाचा फोल्डर बॅकअपमध्ये घ्या, लायसन्सचा डेटाबेस त्यातच असतो. सर्व्हर २०१६ वापरत असाल तर १२ जानेवारी २०२७ ही सपोर्ट संपायची तारीखही लिहा, २०१९ ची ९ जानेवारी २०२९ आहे, आणि नवीन व्हर्जनवर जाताना कॅलचा खर्च परत येणार हे मालकांना आत्ताच सांगून ठेवा. मस्जिद बंदरला हा कागद आम्ही प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय, दुसरी कॉपी त्यांच्या अकाउंटंट ताईंच्या कपाटात आहे, जीएसटी सर्टिफिकेटच्या फाइलमध्येच.